नाईलकाठचा देखावा

इजिप्तहून परत आलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न पिरॅमिडचाच विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते: आम्ही पिरॅमिड पाहिले नाहीत. आमची सहल लक्सरची होती आणि पिरॅमिड तिथून फार लांब आहेत. आम्ही पाहिलं ते एक देऊळ, तेही संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात. त्या देवळाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. तिथल्या माणसाने आम्हाला खजूर खाऊ घातले आहेत, आणि तिथे जे काही घडलं ते त्याच्या साहेबाच्या कानावर गेलेलं मला चालणार नाही.

न्युरेम्बर्ग, निघण्याआधी

२००५ सालची गोष्ट. न्युरेम्बर्गला आम्हाला सात वर्षं झाली होती. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा मंदार आणि नऊ वर्षांची रेवा. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी पुण्याहून माझे सासरे आले. त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो.

बाबा नोकरीने टेलिफोन खात्यातले तंत्रज्ञ. पण पेठेत त्यांना त्यावरून कुणी ओळखत नाही. गल्लीतल्या गणपती मंडळाचे ते लाइटवाले. एकेचाळीस वर्षं मंडळाच्या पौराणिक देखाव्याचं लायटिंग त्यांनी केलं. टेपवर संवाद वाजायचे, पुतळे हलायचे आणि संवादाप्रमाणे एकेका पुतळ्यावर उजेड पडायचा. बाबा मागे पत्र्याच्या खोक्यात दिव्यांच्या आणि पुतळ्यांच्या बटणांसमोर बसायचे. बाहेर ढोल, शेजारच्या मंडळाचा स्पीकर. त्या गदारोळात टेपचं एक अक्षर आत ऐकू येईल तर शपथ! म्हणून त्यांनी एक पद्धत बसवली होती. एकाने खोक्याच्या तोंडाशी उभं राहून, बाहेर कान लावून संवाद ऐकायचे आणि एक हात बाबांच्या खांद्यावर ठेवायचा. संवाद बदलला की थाप. एक थाप, पुढचा दिवा. बोलायचं काही नाही.

मंदार अकरा वर्षांचा असताना हे काम त्याच्याकडे आलं. तिसऱ्याच संध्याकाळी बाबांच्या खांद्यावर एक डास बसला आणि मंदारने तो मारला. पुढे महिषासुर देवी यायच्या आधीच कोसळला, आणि देवी आली ती मोकळ्या जागेवर त्रिशूळ रोखून उभी राहिली. पेठेत अजूनही मंदारला लोक 'डासवाला' म्हणतात. माझ्या मते तो जर्मनीला आला त्याचं खरं कारण हेच आहे, पण तो कबूल करत नाही.

तर त्या वर्षी जुलैत मंडळाने ठरवलं की आता लेझर आणायचा, कंत्राटदाराकडून. बाबांना शाल-श्रीफळ दिलं, चार भाषणं केली आणि "तुम्ही आता आराम करा" म्हणून सांगितलं. बाबांनी शाल घडी करून कपाटात ठेवली आणि आम्हाला फोन केला, "तिकीट काढा. गणपतीच्या आधीचं काढा." हा माणूस लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही मांडवात वायर ओढत होता, असं सासूबाई असताना सांगायच्या. तो गणपतीत पुणं सोडतो म्हणजे काय?

आले ते हात मागे बांधून. अक्षरशः. घरात फिरताना, नदीकाठी फिरताना, सुपरमार्केटमध्ये, हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले. खिशातला टेस्टर, जो मी लग्नापासून त्यांच्या खिशात पाहत आले होते, तो नव्हता. आमच्या पॅसेजमधला दिवा तेव्हा लुकलुकायला लागला होता. मी मुद्दाम तो तसाच ठेवला. म्हटलं, दोन दिवसांत स्टूल मागतील. दोन महिने गेले. रोज रात्री बाबा त्या लुकलुकत्या दिव्याखालून झोपायला जायचे आणि एकदाही वर बघायचे नाहीत. नोव्हेंबरच्या मध्याचं त्यांचं परतीचं तिकीट होतं. हा माणूस असाच परत गेला तर तिकडे रिकाम्या घरात नुसता बसून राहील, या विचाराने माझी झोप उडाली होती.

त्यात रेवाची दुसरी तऱ्हा. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. बाबा विचारणार, "जेवलीस का?" ती म्हणणार, "जा, शोन," म्हणजे हो, झालं. बाबा म्हणणार, "हो का." संवाद संपला. दोघांनाही एकमेकांचा राग नव्हता, पण बोलणं पुढे सरकायचं नाही.

शेवटी मंदारच म्हणाला, "शाळेला शरदाची सुट्टी आहे, कुठेतरी ऊन बघायला जाऊ." जर्मन कंपनीची आठवड्याची सहल मिळाली. जर्मनांना इजिप्तचा व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो; आमच्या पासपोर्टांसाठी मंदारला फ्रँकफुर्टला दोन खेपा घालाव्या लागल्या, त्याचं वर्णन करून मी कुणाचा दिवस खराब करत नाही. दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात होती. मी शंकरपाळे, चिवडा आणि चकल्या स्टीलच्या डब्यात भरल्या, डब्याला आडवी-उभी सुतळी बांधली आणि निघालो.

लक्सर

आमच्या गटात बावीस माणसं, त्यांतली अठरा जर्मन. वाटाड्या हानी नावाचा इजिप्शियन तरुण, कैरोला जर्मन शिकलेला. इतकी शुद्ध जर्मन तो बोलायचा की आमच्या गटातले गावठी बोली बोलणारे काही बव्हेरियन त्याच्यासमोर जरा दबूनच असायचे. दर अर्ध्या तासाने तो आम्हाला मोजायचा.

पहिल्या सकाळी सहा वाजता बाबांनी मला गॅलरीत बोलावलं. खाली हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी चिटपाखरू नव्हतं, पण प्रत्येक आरामखुर्चीवर एकेक टॉवेल टाकलेला होता.

"हे काय गं?"

"जागा धरून ठेवतात बाबा. सकाळी उठून टॉवेल टाकायचा, मग आरामात नाश्ता करून दहा वाजता यायचं."

बाबांनी पाच मिनिटं ते दृश्य पाहिलं. "म्हणजे लाल गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं," ते म्हणाले. "आणि मी इतके दिवस यांना शिस्तीचे समजत होतो." त्या दिवसापासून त्यांना जर्मन लोक जरा आवडायला लागले.

न्याहारीला फूल नावाचा प्रकार होता. शिजवून घोटलेले मोठे वाल, वर तेल, जिरं, लिंबू. मला एकदम डाळिंब्यांची आठवण झाली. फक्त गूळ घालायचा राहिला होता. त्याबरोबर कोंड्याची जाड पोळी, भाकरीची मावसबहीण. बाबांनी तीन खाल्ल्या. शेजारच्या टेबलावरचे जर्मन मात्र जर्मनीतून आणल्यासारखा दिसणारा पाव आणि चीज खात बसले होते. लाल जास्वंदीचं गार सरबत मिळालं, ते रंगाने थेट कोकम. मंदारने एका घोटात संपवलं आणि "मीठ हवं होतं" म्हणाला.

आमच्या गटात फ्युर्थचे, म्हणजे आमच्या शेजारच्याच गावचे, एक होफमान नावाचे गृहस्थ होते. पासष्टीचे, केबलच्या कारखान्यातून निवृत्त. त्यांच्या गळ्यात कॅमेरा नव्हता, वही होती. जर्मनीत सहलीत काही कमी-जास्त झालं तर त्याची रीतसर यादी करून कंपनीला पाठवायची पद्धत आहे, आणि होफमानांनी ही यादी विमानात बसल्याबसल्या सुरू केली होती. नळ गळतो, क्रमांक एक. पडद्याची कडी तुटलेली, क्रमांक दोन. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की आमचे बाबाही तेच करताहेत, फक्त वही नाही. हॉटेलच्या भिंतीवर एक उघडी वायर लोंबत होती. बाबा तिच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि "च्च" म्हणाले. होफमान आले, त्यांनीही पाहिलं, "त्स, त्स" म्हणाले आणि लिहिलं. क्रमांक पाच.

तिथून त्यांची जोडी जमली. एकाला मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी येतं, दुसऱ्याला फ्रांकन भागातली जर्मन सोडून काही नाही. पण राजांच्या थडग्यांत, बाजारात, नाईलवरच्या शिडाच्या होडीत, सगळीकडे बाबा "च्च" म्हणायचे आणि होफमान लिहायचे. बाबांच्या "च्च"च्या तीन पट्ट्या आहेत हेही होफमानांनी ओळखलं. सगळ्यात लांब "च्च"ला ते दोनदा अधोरेखा मारायचे. मी मंदारला म्हटलं, "अरे, पुण्यात जन्मायचा हा माणूस चुकून फ्युर्थला जन्मलाय."

पण हात मागेच. होफमानांनी एकदा खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढून बाबांपुढे धरला, सैल झालेल्या प्लगकडे बोट दाखवून. बाबांनी मान हलवली आणि पुढे चालू लागले. होफमानांनी तो परत खिशात ठेवला आणि वही काढली.

देऊळ, बुधवार संध्याकाळ

देवळातला दिव्यांचा खेळ वेगवेगळ्या वारी वेगवेगळ्या भाषांत होतो. जर्मनचा वार बुधवार. ते रमजानचे अगदी शेवटचे दिवस होते, ईद तोंडावर आलेली. सूर्य बुडाल्यावर बसचा चालक, दारावरचे पहारेकरी, पाणी विकणारे, सगळे उपास सोडायला बसले आणि आम्ही बावीस जण दारात तिष्ठत उभे राहिलो. होफमानांनी घड्याळ पाहिलं. क्रमांक बारा. बाबा म्हणाले, "दिवसभर पाणी नाही प्यायलेत ते. जेवू दे की." मी ते जर्मनमध्ये होफमानांना सांगितलं. त्यांनी बाराच्या पुढे काहीतरी खोडलं.

आत गेलो. अंधारात उंच खांब, दगडी पायऱ्यांसमोर आमच्या खुर्च्या. पहिली रांग होफमानांनी जाकिटं टाकून धरलेली होतीच. आम्हा चौघांना तिथेच बसवलं. "रेवा, आजोबांना सांगत जा हं काय बोलतात ते," मी म्हटलं. ती जर्मनमध्ये "बघते" म्हणाली.

घंटेसारखा एक आवाज झाला आणि भिंतींमधून खर्जातली जर्मन घुमली. "हे प्रवाशा! मी दोन्ही भूमींचा स्वामी. पाहा मला, आणि पाहा माझ्या राणीला!"

उजेड पडला तो उजवीकडे, प्रसाधनगृहाच्या पाटीवर. पाटीवरचा तो निळा पुरुष आणि ती घागऱ्यातली बाई लख्ख उजळली.

कुणी हसलं नाही, कारण जर्मन माणसाला वाटलं असेल की यात काही अर्थ असेल. मग आवाज म्हणाला, "आकाशाला भिडलेला माझा हा दगडी स्तंभ पाहा!" आणि आता उजळले राजा-राणी. आवाज राणीकडे वळला, "हे नाजूक मानेच्या, कमलनयने..." स्तंभ. आवाजाने पवित्र मगरीचं वर्णन सुरू केलं, तिचे दात, तिची शेपटी, तिची भूक. आणि उजेडात नाजूक मानेची राणी हळुवार हसत उभी. तेव्हा मात्र मागून एक बाई फस्‌कन हसल्या आणि बांध फुटला. मीही हसले. मंदार तर खुर्चीवरून घसरायचा बाकी होता. होफमान छोट्या बॅटरीच्या उजेडात भराभर लिहीत होते.

बाबा हसत नव्हते.

"एक थाप मागे आहे," ते पुटपुटले. "बाहेर जायच्या वाटेचा दिवा चुकून आधी लावला, तिथून सगळं एकेकाने मागे गेलंय. आता शेवटपर्यंत असंच चालणार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हसू नकोस गं. आत एक माणूस घामाघूम झाला असेल."

पुन्हा एक चूक झाली, पुन्हा हशा पिकला. आणि बाबा उठले.

"बाबा! अहो, कुठे निघालात?"

ते खुर्च्यांच्या कडेने सरळ मागच्या बाजूला चालू लागले, तिथे एका खोलीच्या खिडकीत मिणमिणता उजेड दिसत होता. मी मंदारला कोपराने ढोसलं. "अरे जा ना त्यांच्यामागे!"

"मी अजिबात जाणार नाही," मंदार म्हणाला. "मी एकदा महिषासुर मारलाय."

तोवर रेवा उठून पळाली होती. मग मीही गेले. वाटेत पहारेकरी होता, पण पांढरे केस आणि पांढरा झब्बा बघून त्याला बाबा कोणी मोठे साहेब वाटले असावेत. त्याने खजुराची बी तोंडातून काढली आणि सलाम ठोकला.

खोलीत पन्नाशीचा एक माणूस एका लांब फळीसमोर उभा होता. फळीवर दिवे कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्यांच्या दोन ओळी. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. बाबांना बघून तो आधी दचकला, मग हात जोडल्यासारखं करून मोडक्या इंग्रजीत जे बोलला त्याचा अर्थ असा: नाव साबरी. नेहमी इथे दोघे असतात. जर्मन येणारा जोडीदार ईदसाठी गावी गेला. मला अरबी येतं, फ्रेंच येतं, जर्मन येत नाही. काय चाललंय मला कळत नाही.

बाबांनी छातीवर हात ठेवला. "आय ॲम लाइटमन," ते म्हणाले. "इंडिया. फॉर्टी-वन इयर्स."

साबरीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, खजुरांची ताटली उचलून बाजूला ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं.

बाबांचे हात पुढे आले. मी पाहत होते. दोन महिने पाठीमागे असलेले ते हात फळीवर टेकले आणि दांड्या चाचपायला लागले. प्रत्येक दांडीखाली साबरीने बॉलपेनने चित्रं काढून चिकटवली होती: राजा-राणी, स्तंभ, राणी, मगर, होडी, डोळा, शेवटी डोंगरामागचा सूर्य. क्रम ठरलेला होता. कधी बदलायचं एवढंच त्याला कळत नव्हतं.

"रेवा, इकडे ये. आत्ता टेपवर कशाचं चाललंय?"

रेवाने कान दिला आणि होडीच्या चित्रावर बोट ठेवलं. साबरी मगरीवर होता.

"ठीक. मगर सोडली," बाबा म्हणाले. "आता मला काही सांगू नकोस. माझ्या मागे उभी राहा, हात खांद्यावर. पुढच्या चित्राचं बोलायला लागला की थाप. एक थाप, पुढचा दिवा. कळलं?"

रेवाने माझ्याकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये विचारलं, "आणि माझं चुकलं तर?"

बाबांना त्यातला शब्दही कळला नाही, पण चेहरा कळला. "चुकलं तर चुकलं. तुझ्या बापाने काय केलं होतं माहिती आहे ना?"

ती खुदकन हसली आणि तिने हात ठेवला.

बाबांनी साबरीला खुणेने सांगितलं: मी खाली आणतो, तू वर ने. मगर मावळत गेली आणि त्याच वेळी होडी उजळत गेली, बरोबर त्या वाक्यावर. बाहेर एकदम शांतता झाली. थाप. होडी गेली, डोळा आला. थाप. बाबा दांडी इतकी हळू खाली आणायचे की मगाशी धाडकन विझणारे तेच दिवे आता कुणीतरी उचलून दुसरीकडे नेल्यासारखे वाटत होते. "दिवा विझवायचा नसतो," साबरीला ते मराठीत सांगत होते, "हळूच खाली ठेवायचा असतो." साबरी मान डोलावत होता. त्याला मराठी कुठून येणार, पण त्याचीही दांडी हळू झाली.

मी खिडकीत उभी राहून बाहेर बघत होते. खांबांवर सावल्या सरकत होत्या, मागे काळा डोंगर, वर चांदण्या. खरं सांगते, त्या क्षणी पहिल्यांदा मला कळलं की मी तीन हजार वर्षांपूर्वीच्या देवळात उभी आहे. तोवर मी नुसती सहलीला आले होते.

मग शेवट आला. आवाजाने सांगितलं की सूर्य पश्चिमेला गेला, आता तो रात्रीच्या बारा दारांतून एकटा जाणार. सगळे दिवे गेले. मिट्ट काळोख. बाबांचा हात सूर्याच्या दांडीवर. टेपवर कुठेतरी खोल एक नगारा वाजला, धम्म.

एकेचाळीस वर्षांच्या सवयीने बाबांना वाटलं, हाच तो ठोका. त्यांनी दांडी उचलली. डोंगराच्या कडेला उजेडाची बारीक रेघ उमटली.

"थांबा आजोबा!" रेवाने त्यांचा झब्बा मुठीत धरला. "थांबा! अजून उजाडलं नाही!"

बाबांचा हात जागीच थांबला. नऊ वर्षांत ही मुलगी एक अख्खं वाक्य मराठीत बोलली नव्हती. आणि "थांबा"सुद्धा थेट माझ्या सुरात, मी बाबांना म्हणते तसं.

रेघ तशीच राहिली. आवाज हळूहळू दारं मोजत होता. दहावं. अकरावं. बाहेर कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळे त्या एवढ्याशा उजेडाकडे बघत बसले होते. बारावं दार, आणि मग आवाजाने विचारलं, "तो येईल का?"

रेवाची थाप पडली. इतक्या जोरात की बाबा पुढे झुकले. आणि त्यांनी सूर्य वर नेला.

टाळ्या थांबेनात. साबरीने दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्याने पेन घेतलं आणि सूर्याच्या चित्राशेजारी डोंगरावर एक बारीक रेघ काढली. पुढे तळहात दाखवून म्हणाला, "वेट." आता रोज असंच करणार, असं त्याला म्हणायचं होतं. आमची चूक त्याने खेळात घालून टाकली होती. आम्ही त्याचे खजूर खाल्ले. मी पर्समधून पुरचुंडीतले शंकरपाळे काढले. त्याने एक खाल्ला, डोळे मिटले आणि उरलेली पुरचुंडी सरळ खिशात घातली. दिवाळी साजरी झाली.

हानी धावत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मोजणीत तीन माणसं कमी भरत होती आणि अकरा मिनिटं उशीर झाला होता. बसमध्ये चढलो तर सगळे आमच्याकडे बघताहेत. होफमान वही उघडून बसले होते. "काय झालं होतं आत?" त्यांनी रेवाला विचारलं. तिने सगळं सांगितलं, डासासकट. मंदारने खिडकीबाहेर बघितलं.

होफमान ऐकत राहिले. मग त्यांनी त्या संध्याकाळचे सगळे क्रमांक एका रेघेने खोडले, खाली काहीतरी लिहिलं आणि वही बाबांपुढे धरली. मी वाचून दाखवलं. "सूर्योदय: निर्दोष."

बाबा म्हणाले, "त्यांना सांग, निर्दोष नव्हता. अर्धा ठोका आधी उचलला होता मी." मी सांगितलं. होफमानांनी "निर्दोष" खोडलं, "जवळजवळ निर्दोष" लिहिलं आणि दोघेही समाधानाने मागे टेकले.

पुन्हा न्युरेम्बर्ग

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर पॅसेजमध्ये अंधार. बाबा स्टुलावर उभे, रेवा फ्यूजच्या डब्यापाशी.

"लावू?"

"थांब जरा."

"आता?"

"लाव."

दिवा लागला. लुकलुकला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाच्या भांड्यासमोर थोडी रडून घेतली.

त्या संध्याकाळी बाबांनी पुण्याला मंडळाच्या कार्यवाहांना फोन लावला. परवानगी मागितली नाही, कळवलं. "लेझर ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण पुढच्या वर्षी देखावा मी करणार. थापेला माणूस जर्मनीहून येतोय. हो, नात. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टीच असते त्यांना इकडे." तिकडून काय उत्तर आलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण फोन ठेवताना ते शीळ घालत होते.

चार दिवसांनी फ्युर्थहून पार्सल आलं. आत जर्मन बनावटीचा एक टेस्टर, लाल मुठीचा. बाबांनी तो खिशाला लावला तो लावला.

आणि तसाच लावून ते विमानतळावर आले. तपासणीच्या दारातल्या माणसाने खिशाकडे बोट दाखवून मान हलवली. बाबा रांग सोडून परत आमच्याकडे आले आणि त्यांनी टेस्टर रेवाच्या हातात दिला. "सांभाळ. ऑगस्टमध्ये घेऊन ये. मोठ्या बॅगेत घाल, खिशात नको."

"हो आजोबा," ती म्हणाली.

बाबांना निघताना पाया पडणं, डोळे पुसणं असलं काही जमत नाही. ते नुसते रांगेकडे तोंड करून उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून, आणि म्हणाले, "चल. मार थाप. मी निघतो."

रेवाने एका हातात टेस्टर घट्ट धरला, दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. थाप काही पडेना. बाबा थांबले. मागे रांग थांबली. मागच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, आणि मी त्यांना जर्मनमध्ये सांगितलं, एक मिनिट थांबा.

"रेवा?" बाबा वळले नाहीत.

"अजून नाही, आजोबा," ती म्हणाली. "अजून नाही."